राखपेठेचा नावाडी

मखमलाबादच्या चतुराबाईंना कोणी लेखिका म्हटलं, की त्या हसत नाहीत आणि लाजतही नाहीत, सरळ उठून जातात. गॅसवर दूध ठेवलंय म्हणतात, नाहीतर गायीला पाणी दाखवायचंय म्हणतात. त्यांच्याकडे गाय नाही, ही गोष्ट वेगळी. गल्लीतल्या बायका आपसात बोलतात, की पुस्तक निघाल्यापासून चतुराबाईंचे पाय जमिनीला लागत नाहीत. त्या बायकांना तरी काय बोल लावायचा? माणूस उठून गेला एवढं त्यांना दिसतं, कशानं उठला ते दिसत नाही.

पुस्तक निघालंय हे मात्र खरं. 'राखपेठ' असं त्याचं शीर्षक. मुखपृष्ठावर राखाडी नदी, नदीत एक होडी, आणि खाली रंगनाथ व चतुरा अशी नवराबायकोची नावं. आत सगळ्या गोष्टी एकाच गावाच्या, आणि ते गाव कुठल्याही नकाशात नाही. तिथे नदीतून पाण्याऐवजी राख वाहते. पैसा नाही, दात चालतात. त्यामुळे श्रीमंत माणूस सारखा हसत असतो आणि गरीब माणूस तोंड मिटून कण्या खातो. देव आहेत, पण लहान लहान आणि भेदरलेले. लोक त्यांना खिशात घालून पळवतात. असल्या गोष्टी फुलं ओवणाऱ्या दोन माणसांच्या डोक्यात आल्या कुठून, असं ज्याला त्याला वाटतं. त्याचं उत्तर पत्र्याच्या एका शेडमध्ये आहे.

चतुराबाईंचं माहेर चांदवडकडचं, कांद्याचं. लहानपणापासून हात कांद्यात, नाक कांद्यात. लग्न होऊन त्या मखमलाबादला आल्या आणि झेंडू, शेवंती, अॅस्टरच्या ढिगात येऊन पडल्या. इथे सकाळी मळ्यात फुलं तोडायची, दुपारभर शेडमध्ये बसून माळा ओवायच्या आणि दिवस कलला की नाशिकच्या फूलबाजारात पोचवायच्या, असा बारमाही क्रम. नव्या सुनेला सुई धरता येईना. फुलं दबायची, दोरा सुटायचा, बोटाला सुई लागून पांढऱ्या शेवंतीवर लाल ठिपका पडायचा. सासू रंगूबाई तशी मारकुटी नव्हती, पण तिचं बघणं मारापेक्षा वाईट होतं. ती सैल माळ दोन बोटांनी उचलायची, सगळ्या बायकांना दिसेल अशी धरायची आणि काही न बोलता ढिगात टाकून द्यायची. चतुराबाई मान खाली घालून रडायच्या.

समोर बसून रंगनाथराव हे सगळं बघत असत. पण बघण्यापलीकडे काय करणार? वडीलधारी माणसं समोर असताना नवऱ्यानं बायकोशी सरळ बोलायचं नाही, अशी त्या घराची रीत होती. पाणी हवं असलं तरी ते 'कोणी पाणी देतं का' असं खांबाला विचारायचे. रात्री घर माणसांनी भरलेलं, आणि निम्म्या रात्री ते मळ्यात राखणीला. म्हणजे लग्न झालं होतं, पण बोलणं काही झालेलं नव्हतं.

मग एका दुपारी रंगनाथरावांनी हातातली माळ न थांबवता, कोणाकडेच न बघता सुरू केलं. म्हणाले, एक गाव हाय, राखपेठ नावाचं. तिथं नवी सून आली की उंबऱ्यातच तिचा एक दात काढून घेत्यात. सासू तो दात पदराला बांधून फिरती. शेडमधल्या बायका खुदखुदल्या. रंगूबाईनं मान वर केली, मुलाकडे बघितलं, पण सगळ्यांचे हात चालू होते तेव्हा बोलायला काही जागा नव्हती. चतुराबाईंना पहिल्यांदा कळलं, की समोरचा माणूस आपल्याशी बोलतोय.

चारआठ दिवस त्या गोष्टीत त्यांनी तोंड उघडलं नाही. मग एकदा धीर करून, तशीच मान खाली ठेवून म्हणाल्या, की त्या गावात ठकू म्हणून एक लंगडी बाई हाय. ती मेलेल्या सावकारांचे दात उपटती आन् गोरगरिबांच्या तोंडात बसवती. रंगनाथरावांची सुई क्षणभर थांबली. तिथून पुढे त्या दोघांचा संसार खरा सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही. सासू समोर बसलेली, बायका समोर बसलेल्या, आणि हे दोघे राखपेठेच्या गल्ल्यांतून एकमेकांना गाठत होते. तो रुसला की राखपेठेत दुष्काळ पडायचा. ती माहेराहून परत आली, की कुठल्याशा तुरुंगाचं दार उघडायचं. गंमत म्हणजे रंगूबाई 'काय ही अभद्र बडबड' म्हणून नाक मुरडायची आणि गोष्ट रंगात आली की चहा टाकायला उठायची नाही.

गोष्टी गोड नव्हत्या, हे सांगितलं पाहिजे. ठकूसुद्धा काही देवी नव्हती. एका उपासमारीत तिनं पोटच्या पोरीचे दुधाचे दात विकून खाल्ले होते, आणि त्यानंतर ती पोर आयुष्यभर हसली नाही. शेजारच्या झुंबरबाई माळा ओवायला यायच्या, त्यांनी एक न्हावी आणला होता, तो कैद्यांच्या सावल्या वस्तऱ्यानं भादरायचा. पण सगळ्यांत जबरदस्त माणूस रंगनाथरावांचा, भिवा नावाडी. एका डोळ्यानं आंधळा, दारुडा, खोटारडा. तो मेलेल्यांना राखेच्या नदीतून पलीकडे न्यायचा आणि भाडं म्हणून प्रत्येकाचा शेवटचा शब्द काढून घ्यायचा. त्या शब्दांचं एक गाठोडं त्याच्या होडीत असे, त्याच्यावर डोकं ठेवून तो झोपायचा. त्याची स्वतःची आई मेली, तेव्हा तिच्याजवळ द्यायला शब्दच उरला नव्हता. सगळे ह्याला हाका मारण्यात संपले होते. तर ह्यानं तिला अलीकडच्या काठावर तशीच बसवून ठेवली. वर्षानुवर्षं तो येता-जाता तिच्याकडे बघायचा आणि होडी पुढे काढायचा. रंगनाथराव हे सांगायचे तेव्हा शेडमध्ये दोरा ओढल्याचा आवाज ऐकू यायचा, एवढ्या बायका गप्प व्हायच्या.

राखपेठेचे नियम दोन. पहिला नियम भांडणातून आला. पाण्याच्या नळावरून झुंबरबाईंचं आणि चतुराबाईंचं वाजलं, आणि त्या दुपारी झुंबरबाईंनी शेडमध्ये बसल्या बसल्या ठकूच्या गळ्यावरून न्हाव्याचा वस्तरा फिरवला. चतुराबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. रंगनाथरावांनी मान हलवली, 'अं हं' म्हणाले, एवढंच, पण असं म्हणाले की झुंबरबाईंनी वस्तरा मागे घेतला. मग त्यांनी सांगून टाकलं, की ज्यानं माणूस आणला त्यानंच तो मारायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाय.

दुसरा नियम चतुराबाईंमुळे झाला. एका गोष्टीत त्यांनी ठकूची पोर मारली आणि घरी जाऊन त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या तिला परत आणायला निघाल्या. रंगनाथरावांनी पुन्हा 'अं हं' केलं. "मेलेलं परत यायला लागलं तर कोण भिईल मरणाला?" ते म्हणाले. "आन् भीतीच नसंल तर जपायचं तरी कशाला कोणाला?" तेव्हापासून राखपेठेत मेलेला माणूस परत येत नाही.

वर्षं गेली. खांबाला पाणी मागायची पाळी संपली; सासू गेली, सासरे खंडेराव गेले, आणि नवराबायको उघड उघड बोलायला मोकळे झाले. पण नुसतं बोलायला गेलं की त्यांचं बोलणं भाजी, बाजार आणि नातेवाईक यांच्यापुढे जाईना. खरं काही सांगायचं असलं, की दोघेही शेडमध्ये येऊन बसायचे. त्यांची मुलगी सृष्टी या गोष्टींवरच वाढली. ती शिकली, नाशिकला नोकरीला लागली, लग्न होऊन इंदिरानगरला राहायला गेली, आणि दर रविवारी येऊन मोबाईलवर गोष्टी रेकॉर्ड करू लागली. घरी जाऊन ती त्या टाइप करायची. एका ओळखीतून शेखर नावाचा प्रकाशक भेटला. रविवार कारंज्याजवळ एका खोलीत त्याचं ऑफिस. माणूस लहान, पण वाचणारा. त्याला गोष्टी आवडल्या, पुस्तक ठरलं. रंगनाथरावांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, की छापल्यावर माणसं आपली राहत्यात ना? सगळे हसले. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नव्हता, हे चतुराबाईंना फार उशिरा उमगलं.

माघातल्या एका रविवारी रंगनाथरावांनी भिवाची नवी गोष्ट काढली. इतक्या वर्षांनी भिवानं आईला होडीत घेतलं. भाडं न घेता. होडी जुनी झालेली, बुडाला भोक पडलेलं. नदीच्या मध्यावर राख आत यायला लागली. भिवा ओंजळीनं राख बाहेर टाकतोय, आई गाठोड्यावर बसलीय, धुक्यात ना हा काठ दिसतोय ना तो. इथे त्यांनी सुई खोचली आणि उद्या सांगतो म्हणाले. झुंबरबाई चिडल्या, असं अधांतरी ठेवत्यात का म्हणाल्या. रंगनाथराव नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात तोडलेल्या फुलांचे क्रेट पिकअपमध्ये चढवताना ते खाली बसले ते त्यांना उठता येईना. लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, बोलणं येईल किंवा येणार नाही, दुसरा झटका येणार नाही याची काळजी घ्या. त्यातलं चतुराबाईंनी दुसऱ्या झटक्याचं तेवढं ऐकलं. जीव टांगणीला लागला तो तिथून. रात्री त्या उठून त्यांच्या छातीवर हात ठेवून बघायच्या. समजायचं त्यांना सगळं. हो असलं की डावा हात उचलायचे, नाही असलं की मान हलवायचे. स्पीच थेरपीची मुलगी यायची, तिच्यासमोर ते घाम फुटेपर्यंत ओठ हलवायचे आणि घशातून नुसती हवा यायची. चतुराबाईंना ते बघवत नसे. त्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहायच्या.

पुस्तकाची प्रुफं आली ती वैशाखात. शेखर स्वतः घरी आला. म्हणाला, भिवाची शेवटची गोष्ट पुस्तकातली सगळ्यांत मोठी गोष्ट आहे, पण ती अर्धी आहे. अर्धी छापता येत नाही. एक तर वगळू या, नाहीतर कोणी तरी पुरी करा. घाई नव्हती, तो म्हणालाही तसं. घाई चतुराबाईंना होती. त्यांच्या डोक्यात एकच, की दुसरा झटका यायच्या आत पुस्तक ह्यांच्या हातात पडलं पाहिजे. ते न बघताच हे गेले तर? आणि ह्यांची सगळ्यांत चांगली गोष्ट वगळून पुस्तक काढायचं, हे तर त्यांना ह्यांच्यावर जिवंतपणी माती लोटल्यासारखं वाटलं.

सृष्टीनं विचारलं होतं. हे चतुराबाईंना आजही शब्द न् शब्द आठवतं. ओट्यापाशी उभी राहून ती म्हणाली, "आई, नानांना विचारू या का? हात उचलून सांगतील काही तरी."

आणि चतुराबाई म्हणाल्या, "कशाला त्यांना तरास? बोलता येईना म्हणून जीव कासावीस होतो त्यांचा."

मधलं दार उघडं होतं. पलंगावर रंगनाथराव जागे होते. पण त्या घरात तोवर सगळ्यांना एक सवय लागून गेली होती. त्यांना भरवायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं, त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलायचं, पण त्यांना काही विचारायचं नाही. प्रेमानंच लागली होती ती सवय.

तर भिवाला चतुराबाईंनी मारलं. दुपारी शेडमध्ये मोबाईल समोर ठेवून, हातानं गुलछडी ओवत, त्यांनी ती गोष्ट पुरी केली. होडी बुडते. भिवा आईला खांद्यावर घेतो आणि राखेत उतरतो. राख कमरेला, राख छातीला, राख गळ्याशी. आपल्या गाठोड्यातले सगळे चोरलेले शब्द तो एकेक करून आईला देऊन टाकतो, की पलीकडे गेल्यावर तिच्याजवळ बोलायला काही असावं. शेवटी काठ येतो, आई उतरते, मागे वळून बघते तर राख सपाट झालेली असते. राखपेठेत आजवर कोणाला चांगलं मरण मिळालं नव्हतं. त्यांनी भिवाला मोठ्या मायेनं, जमेल तेवढं चांगलं मरण दिलं. नियम त्यांना आठवला नाही असं नाही. पण ह्या माणसाला आता वाचा नाही, मग ह्याचा माणूस कोणी तरी सांभाळलाच पाहिजे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. आणि आत कुठे तरी, स्वतःलाही न सांगता, त्या नवऱ्याच्या जाण्याची तयारी करत होत्या. भिवाला चांगलं पोचवलं तर ह्यांनाही चांगलं पोचवता येईल, असं काहीसं. हे त्यांनी कोणापाशी कबूल केलेलं नाही. सृष्टी ऐकून रडली. शेखरचा फोन आला, की असा शेवट त्यानं बऱ्याच वर्षांत वाचला नव्हता.

श्रावणात एका वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रकाशन झालं. रंगनाथरावांना पांढरा सदरा घालून व्हीलचेअरवरून नेलं. पुढच्या रांगेत त्यांना बसवलं, मांडीवर पुस्तक ठेवलं. डाव्या हातानं त्यांनी मुखपृष्ठावरच्या होडीवरून बोट फिरवलं आणि त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. चतुराबाईंना वाटलं, सगळ्याचं सार्थक झालं. मग सृष्टी माइकपाशी गेली आणि म्हणाली, की नानांसाठी एक भेट आहे, त्यांची अर्धी राहिलेली गोष्ट आईनं पुरी केलीय.

ती वाचत होती तेव्हा चतुराबाई नवऱ्याकडे बघत होत्या. होडी बुडाली तिथे रंगनाथरावांनी डोळे मिटले. राख गळ्याशी आली तिथे त्यांची मान हलायला लागली, इकडून तिकडे, इकडून तिकडे. आणि सृष्टी शेवटच्या ओळीवर येऊन थांबली, हॉल चिडीचूप झाला, त्या शांततेत रंगनाथरावांच्या तोंडून आवाज आला. स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"अं हं."

इतक्या महिन्यांत त्यांच्या घशातून निघालेला तो पहिला धड आवाज. सृष्टी धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडली. नाना बोलले, नाना बोलले! शेखरनं माइकवरून सांगितलं, की साहित्याची ताकद आपण आत्ता डोळ्यांनी पाहिली. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. एकट्या झुंबरबाई टाळ्या न वाजवता बसून राहिल्या. त्यांनी चतुराबाईंकडे बघितलं, चतुराबाईंनी मान खाली घातली. नवी सून असताना घालायच्या तशी.

त्यानंतर रंगनाथरावांना खरंच हळूहळू बोलता येऊ लागलं. डॉक्टरांना नवल वाटलं. पाणी, चहा, दार लाव, सृष्टी कधी येणार. भाद्रपदात दोन शब्दांचं वाक्य, दसऱ्याला तीन शब्दांचं. येणारे-जाणारे तोंडात बोटं घालायचे, आणि त्यातला प्रत्येक जण पुस्तक हातात घेऊन म्हणायचा, की वहिनी, तो नावाडी मरतो ते काय लिहिलंय तुम्ही, काळजाला हात घातला. पलंगावर बसून रंगनाथराव ते ऐकायचे. ते रागावले नाहीत, रुसलेही नाहीत. रुसले असते तर चतुराबाईंना बरं वाटलं असतं. ते पाहुण्याकडे बघून सभ्यपणे मान डोलवायचे, एखाद्या लांबच्या माणसाची बातमी ऐकावी तसे. चतुराबाईंना मग दूध आठवायचं, नसलेली गाय आठवायची, आणि त्या उठून जायच्या.

बोलायचं त्यांनी रोज ठरवलं आणि रोज टाळलं. चूक झाली, हे दोन शब्द एवढे जड असतील असं त्यांना वाटलं नव्हतं. अखेर कार्तिकात, शेवंतीचा हंगाम भरात असताना, एका दुपारी त्यांनी रंगनाथरावांना धरून शेडमध्ये आणलं आणि खुर्चीत बसवलं. झुंबरबाई यायच्या होत्या अजून. दोघंच होते. चतुराबाईंनी सुईत दोरा ओवला, पहिली चार फुलं चढवली, आणि जुन्या रीतीनं, त्यांच्याकडे न बघता बोलल्या.

"माझं चुकलं. तुमचा माणूस व्हता, मी हात लावायला नको व्हता."

रंगनाथरावांनी डाव्या हातानं ढिगातलं एक फूल उचललं, बघितलं आणि परत ठेवलं.

"तुम्ही काय करणार व्हता भिवाचं?" चतुराबाईंनी विचारलं.

उत्तराला वेळ लागला. ओठ जुळेनात, शब्द मध्येच तुटे, ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. चतुराबाई या वेळी उठून गेल्या नाहीत.

"काठ," ते म्हणाले. "काठ दिसला व्हता."

"कधी?"

"उन्हाळ्यात."

एकेक शब्द शोधत, त्यांनी राहिलेलं सांगितलं. होडी बुडणार नव्हती. आईनं लुगडं फेडून भोकात कोंबलं होतं. भिवा नुसता वल्हवत होता. पलंगावर पडल्या पडल्या ते रोज त्याला थोडा पुढे नेत होते, जेवढं जमेल तेवढं. वैशाखात समोर झाडं दिसायला लागली होती. म्हणूनच थेरपीच्या त्या मुलीसमोर ते एवढे ओठ हलवत होते. त्यांना चहा-पाणी मागायचं नव्हतं, हे सांगायचं होतं.

चतुराबाईंची सुई हातातच राहिली. मग त्या घाईघाईनं बोलत सुटल्या. म्हणाल्या, छापलेलं राहू द्या छापलेलं, ते लोकांसाठी हाय. इथं शेडमधी आपलं आपण आहोत. आपण त्याला काठाला लावू. तुम्ही सांगा, मी ऐकते, आत्ताच सांगा.

रंगनाथरावांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि चतुराबाईंना अजून त्याचंच भय वाटतं.

"मेलेलं येत नाय, चतुरा," ते म्हणाले.

बाहेर झुंबरबाईंची हाक आली. त्या आत येऊन बसल्या, ढीग पुढे ओढला आणि काही तरी बोलू लागल्या, बाजाराचं, पोरीच्या सासरचं. चतुराबाई हो हो करत ओवत राहिल्या. त्यांना आठवत होता तो उन्हाळा. त्या रोज त्याच पलंगाच्या उशाशी बसत होत्या, सकाळ-संध्याकाळ, वाटीतलं वरण गार करून भरवत होत्या, पंख्यानं वारा घालत होत्या. दोघांच्या मध्ये वीतभर अंतर नव्हतं. आणि त्या माणसाच्या डोळ्यांसमोर पलीकडचा काठ आला होता, झाडं दिसत होती, आणि त्या त्याला विचारत होत्या, अजून दोन घास खाता का.